रविवारचा डाग

"नाव काय म्हनला?"

"दयाबाई," लिडियाबाई म्हणाल्या आणि म्हटल्याबरोबर त्यांचे कान तापले. दयाबाई हे त्यांच्या आईचं नाव. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटं नावसुद्धा धड सुचत नाही, जवळ जे असेल तेच हाताला लागतं. आपल्या मेलेल्या आईचं नाव आपण असल्या जागी घेतलं याची त्यांना इतकी शरम वाटली की, ओट्यावर सरकून जागा करून देत नाव विचारणाऱ्या माणसाकडे त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

असली जागा म्हणजे दौंडजवळची भीमेकाठची एक वस्ती, आणि ओटा धुरपदाचा. धुरपदा डाग द्यायची. विळ्याचं टोक चुलीत लाल करून दुखऱ्या जागी टेकवलं की दुखणं पळतं, अशी तिची ख्याती होती, आणि खांदा धरलेली, कंबर धरलेली माणसं लांबलांबून तिच्याकडे येत. डाग द्यायचा तो रविवारीच, तोही दिवस कासराभर वर यायच्या आत. इतर वारी दिलेला डाग लागू पडत नाही, असा तिच्या घराण्याचा रिवाज होता.

लिडियाबाईंची पंचाईत नेमकी तिथंच झाली होती. न्हावऱ्याच्या मिशनच्या दवाखान्यात त्या नर्स. विधवा बाई, एकुलती एक लेक दौंडला दिलेली. दर रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर त्यांची जागा ठरलेली, आणि ती जागा रिकामी दिसली की पाळकसाहेब प्रार्थना संपायच्या आत माणूस पाठवून चौकशी करत. म्हणून त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं, लेकीकडे दौंडला जाते. दौंडला लेकीला सांगितलं, केडगावला उपासनेला जाते, जुन्या ओळखीच्या बाया भेटतील. लेकीचंच फुलाफुलांचं पातळ नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, त्या पहाटे केडगावच्या उलट दिशेला चालू लागल्या. उभं आयुष्य पांढऱ्या पातळात गेलेली बाई, त्या फुलांमध्ये त्यांना उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं.

"डावा का उजवा?" धुरपदानं उंबऱ्यातून विचारलं.

"उजवा."

"काय काय करून झालं?"

हाच प्रश्न लिडियाबाई रोज विचारायच्या. फक्त तेव्हा त्या खुर्चीवर असत आणि पुढे रांग असे.

त्यांनी तोंड उघडायच्या आत शेजारचा माणूस, ज्यानं जागा दिली होती तोच, सरसावून बसला. सोपानराव त्याचं नाव. "माझं इचार की धुरपदा! आदी निरगुडीचा पाला बांधला. मंग बिब्बा लावला, त्यो असा उतला की पंधरा दिस सदरा घालता आला न्हाई. मंग तुंबडी लावली. मंग डाक्टरनं सुई दिली."

"सुईनं काय झालं?"

"सुई टोचल्याली जागा दुखायची, तवर खांदा इसरलो व्हतो. ती जागा बरी झाली आन् खांदा पुन्यांदा आठवला."

ओटा हसला. पलीकडची तानुबाई नावाची बाई म्हणाली, "माझ्या जावंला जळवा लावल्या व्हत्या. जळवा मेल्या, जाऊ हाय तशीच हाय."

पुन्हा हशा. लिडियाबाईंना हसू आलं नाही. हे सगळं त्यांच्या दवाखान्यात त्यांनी शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा नाक मुरडलं होतं. आणि त्यांची स्वतःची यादी तरी काय वेगळी होती?

खांदा धरला तो चीनच्या लढाईच्या आधीच्या पावसाळ्यात. आधी नुसतं दुखायचं. मग हात वर जाईना. मग मागे जाईना. वेणी घालता येईना, पोलक्याची बटणं लावता येईनात. रात्री त्या कुशीवर वळलं की कळ मस्तकात जायची. त्यांनी मिठाची पुरचुंडी करून शेकलं, तेल चोळून घेतलं. दवाखान्यातल्या गोळ्या घेतल्या, त्यांनी पोटात आग पडायला लागली तेव्हा थांबवल्या. बाजाराच्या दिवशी शिरूरहून येणाऱ्या डॉक्टरांनी खांद्यात नवं इंजेक्शन दिलं. त्यानं चमत्कार झाला. महिनाभर बाई लहान पोरीसारख्या हात फिरवत होत्या. मग हळूहळू खांदा पुन्हा आवळत आला. डॉक्टर म्हणाले, हे सारखं देता येत नाही. मग लेकीनं, दबोरानं, दौंडला बोलावलं. जावई एडविन रेल्वेत फायरमन, त्यानं ओळखीपाळखीनं विजेचा शेक मिळवून दिला. शेकाखाली असेपर्यंत स्वर्ग. बाहेर येऊन पायरी उतरेपर्यंत पुन्हा जैसे थे.

एक उपाय राहिला होता, आणि तो सगळ्यांत जुना. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर चालवायची. दुखेल तिथपर्यंत, आणि दुखेल त्याच्या जराशी पुढे. रोज. हा उपाय लिडियाबाई रुग्णांना दहा वर्षं सांगत आल्या होत्या. स्वतः त्यांनी तो दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, आणि मग आज नको उद्या करू असं होत राहिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. घरात चार भिंती असताना बाई दौंडपर्यंत हिंडत होत्या.

तशाही त्या धुरपदाच्या वाटेला गेल्या नसत्या. पण मागच्या महिन्यात एका बाळंतपणात मूल हातात आलं आणि ते वर उचलून उलटं धरायचं म्हणताना खांद्यात अशी कळ आली की हात खाली आला. मूल दवाखान्याच्या झाडलोटीला असलेल्या साखरबाईनं पटकन पदरात घेतलं म्हणून वाचलं. डॉक्टरांच्या कानावर ते गेलं. ते माणूस चांगले, नजर चुकवून म्हणाले, "बाई, उन्हाळ्यापर्यंत बघू. हात असाच राहिला तर मिशनला दुसरी नर्स मागावी लागेल." नर्स गेली म्हणजे आवारातली खोलीही गेली. त्या दिवसापासून लिडियाबाईंच्या मनानं धीर सोडला. बुडणारा माणूस काडी बघत नाही.

"साळू," धुरपदानं आत बघून हाक मारली, "ह्या दयाबाईंना आत घे. हात धराया लागंल."

आतून पदराला हात पुसत एक बाई आली आणि लिडियाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला.

ती न्हावऱ्याचीच साळूबाई होती. धुरपदा तिची मावशी. आईविना राहिलेल्या साळूला तिनंच वाढवलेलं, म्हणून सुगी आटोपली की ती आठ दिवस मावशीकडे राहायला यायची. हे लिडियाबाईंना माहीत असायचं काही कारण नव्हतं. साळूबाईबद्दल त्यांना एकच गोष्ट माहीत होती, आणि ती विसरावी अशी होती.

दोन वर्षांमागे साळूबाई दवाखान्यात आली होती. तिचाही खांदाच. दिवस बाजाराचा, रांग ओसरीच्या खालपर्यंत गेलेली, बाया होत्या, बाप्येही होते. लिडियाबाईंनी तपासायला पोलक्याची बाही सरकवली तर खांद्यावर तीन ताजे डाग. बाईंचं डोकं सणकलं. त्यांनी साळूबाईच्या अंगावरचा पदर ओढला, तिला रांगेकडे वळवलं आणि म्हणाल्या, "बघा रे बघा सगळ्यांनी! बैलाला देतात तसा डाग. माणसं आहात का गुरं? गुरांच्या दवाखान्यात जा म्हणावं असल्यांनी!" रांग हसली. साळूबाईनं पदर ओढून घेतला आणि औषध न घेता खाली मान घालून पायऱ्या उतरून गेली. त्यानंतर ती त्या पायऱ्या कधी चढली नाही. सुनेच्या बाळंतपणालाही तिनं नर्सबाईंना बोलावलं नाही. लिडियाबाईंनी तेव्हा मनाशी म्हटलं होतं, अडाणी ते अडाणीच.

आता साळूबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं फुलाफुलांचं पातळ पाहिलं, पदराआडचा चेहरा पाहिला. ओळख पटायला तिला निमिषही लागलं नाही. लिडियाबाईंनी डोळे मिटले. आता ही ओट्याकडे वळून ओरडणार, बघा रे बघा सगळ्यांनी. ओरडू दे. तेवढं आपल्याला येणं आहे, असं त्यांना वाटलं.

"या, दयाबाई," साळूबाई म्हणाली. "जपून. उंबरा उच हाय."

आत अंधार होता आणि चुलीत विळ्याचं टोक लाल झालं होतं. साळूबाईनं त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. पोलक्याची बटणं काढली. दुखऱ्या हाताची बाही काढताना तिनं हात तसूभरही वर नेला नाही. कुठं दुखतं, ते तिला आतूनच माहीत होतं. मग हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. धुरपदानं हळदीचे तीन ठिपके लावले.

"साळूबाई," लिडियाबाई पुटपुटल्या, "तू..."

"बोलू नगा. दात आवळा."

त्यांनी दात आवळले. वास आधी आला, मग आग आली. दुसऱ्या डागाला त्यांच्या तोंडून प्रभूचं नाव निघालं. आपण कुठं बसून कुणाचं नाव घेतोय, हे लक्षात आलं आणि तिसऱ्या डागाला त्यांनी ओठ चावून धरला. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते दुखण्याचं किती आणि शरमेचं किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

साळूबाईनं पोलकं चढवलं, बटणं लावली. मग न विचारता कोनाड्यातली फणी घेतली, त्यांचे सुटलेले केस विंचरले आणि अंबाडा घालून दिला. दारापर्यंत आली तेव्हा अगदी हळू म्हणाली, "कुनाला कळायचं न्हाई बाई. माज्या तोंडून तर न्हाईच न्हाई."

साळूबाईनं टोमणा मारला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. दौंडपर्यंतच्या वाटेवर त्या चार ठिकाणी थांबल्या, आणि ते काही दमल्या म्हणून नव्हे.

"काय गं, कशी झाली उपासना?" दबोरानं विचारलं.

"चांगली झाली," लिडियाबाई म्हणाल्या. नातवाला मांडीवर घ्यायला गेल्या नाहीत. दबोरानं रबराची पिशवी गरम पाण्यानं भरून, फडक्यात गुंडाळून त्यांच्या खांद्याला टेकवली तेव्हा त्यांच्या तोंडून किंकाळी फुटता फुटता राहिली.

"जास्त गरम आहे का?"

"नाही गं. बरं वाटतंय."

चोरी लपवताना माणूस काय काय विसरतो, बघा. डाग घेतला खरा, पण तो झाकायला तोच हात हवा होता, आणि तो हात तर पोलकंसुद्धा एकटा घालू शकत नव्हता. न्हावऱ्याला रोज सकाळी साखरबाई येऊन बाईंचं पोलकं बदलून देई, केस विंचरून देई. परत आल्यावर लिडियाबाईंनी तिला सांगितलं, राहू दे, माझं मी बघते. एकच पोलकं अंगावर ठेवून त्या वावरू लागल्या. नर्सबाईंनी! जी बाई दुसऱ्याची नखं तपासायची तिनं! घामानं कापड डागाला चिकटलं, डाग चिघळले, आणि आठवड्याच्या शेवटी त्या तापानं फणफणल्या. खांदा होता तिथंच होता. धुरपदाच्या विळ्यानं त्याला बोटभरही हलवलं नव्हतं.

साखरबाई शेवटी ऐकेना. "बाई, अंगाला वास याया लागलाय," ती स्पष्टच म्हणाली आणि तिनं पाठीमागून पोलक्यावर हात ठेवला. लिडियाबाई कळवळल्या.

"काय झालंय हितं?"

"भाजलंय," त्या म्हणून गेल्या. "गरम पाण्याची पिशवी. दबोरानं भरून दिली होती."

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं ते. पण शब्द सुटला होता, आणि साखरबाईच्या तोंडाला झाकण नव्हतं. संध्याकाळपर्यंत न्हावऱ्याला कळलं, आणि कांद्याच्या गाडीबरोबर दौंडला जाणाऱ्या कुणीतरी ते एडविनच्या चाळीतही पोचवलं.

बाजाराच्या दिवशी दबोरा एसटीनं आली. डोळे सुजलेले होते. एडविन तिला काही बोलला नव्हता, पण न बोलणंही कधी कधी बोलल्यासारखंच असतं. ती खोलीवर न जाता सरळ दवाखान्यात आली. ओसरीवर रांग लागलेली होती आणि डॉक्टर नुकतेच येऊन टेकले होते. अंगात ताप असूनही लिडियाबाई औषधाच्या कपाटाशी उभ्या होत्या, डाव्या हातानं बाटल्या काढत.

"बाई, तुम्ही तापलेल्या दिसता," डॉक्टर म्हणाले.

"खांदा भाजलाय त्यांचा," साखरबाईनं संधी सोडली नाही. "लेकीनं पिशवी दिली उकळत्या पान्याची. हीच ती लेक."

डॉक्टर दबोराकडे वळले. त्यांचा बाईंवर जीव होता, म्हणूनच आवाज चढला. "नर्सच्या पोटी जन्मून एवढं कळू नये? पाणी आधी हाताला लावून बघायचं असतं, हे शाळेतल्या पोरीलासुद्धा ठाऊक असतं! आईच आहे ना ती तुझी?"

रांगेतल्या माना लांब झाल्या. एक-दोघं हसले.

"माझंच चुकलं," दबोरा म्हणाली. "मी विचारलं होतं तिला, पण मला कळायला हवं होतं. तिनं सोसलं आणि मला बोलली नाही." आणि पदराचं टोक मुठीत धरून ती रांगेसमोर खाली मान घालून उभी राहिली.

लिडियाबाईंनी हातातली बाटली परत कपाटात ठेवली. अशीच मान खाली घातलेली एक बाई त्यांनी याच ओसरीवर पाहिली होती, आणि ती बाई आज रांगेतच होती. खांबाच्या आडोशाला. दोन वर्षांनी पायऱ्या चढून आली होती. बाईंना ताप आहे असं ऐकून आली असणार. पदराखाली केळीच्या पानात काहीतरी झाकून धरलेलं होतं. तिचे डोळे जमिनीकडे होते. पिशवीची कथा तिनंही आत्ताच ऐकली होती आणि ती खोटी आहे हे त्या ओसरीवर तिला एकटीला माहीत होतं. ती बोलणार नव्हती. तिनं शब्द दिला होता. सगळा गाव दबोराला हसून घरी गेला असता तरी ती बोलली नसती.

लिडियाबाईंना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. धरणीनं काही घेतलं नाही.

"तिला बोलू नका, डॉक्टर," त्या म्हणाल्या. आवाज स्वतःचाच वाटेना. "पिशवीनं भाजलेलं नाही. डाग आहे."

"कसला डाग?"

"विळ्याचा. तापवून दिलेला. दौंडला गेले होते त्या रविवारी, उपासना चुकवून घेतला."

बाजारातून मेथीवालीची आरोळी आली. साखरबाई म्हणाली, "अगं बया!" आणि प्रथमच तिचं तोंड मिटलं.

"कुणी दिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते विचारू नका. माझ्या पायांनी गेले, मी मागितला, तिनं दिला. तिचं काही चुकलं नाही. ती तेच करते आणि तेच सांगते. मी इथं एक सांगते आणि तिकडं..."

रांगेच्या टोकाला कुणीतरी खुदकन हसलं. हसणाऱ्याचा काय दोष? बाईंनीच त्यांना शिकवलं होतं कशाला हसायचं ते. डॉक्टर लाल झाले आणि टेबलावरची, आधीच सरळ असलेली स्टेथोस्कोपची नळी सरळ करू लागले.

दबोरा जवळ आली. "आई, मला तरी सांगायचंस."

"लाज वाटली गं."

"आणि मला चार दिवस..." दबोरा म्हणाली, आणि थांबली. आईचं तोंड पाहून तिनं ते वाक्य गिळलं. कात्री मागून घेतली आणि चिकटलेल्या पोलक्याची बाही खांद्यापासून हळूहळू कापू लागली.

तशाच अवस्थेत लिडियाबाई खांबाकडे वळल्या. "साळूबाई."

साळूबाई दचकली.

"त्या दिवशी मी तुझा पदर ओढला. माझं चुकलं."

"जाऊ द्या वो बाई," साळूबाई कावरीबावरी होऊन म्हणाली. "लोक ऐकत्यात."

"ऐकू देत. तेव्हाही ऐकत होते."

साळूबाईनं पदराखालचं केळीचं पान पुढे केलं. "लोनी हाय. धुतल्यालं. आग व्हत आसंल म्हनून... तुमच्यात चालत नसलं तर लावू नगा."

डॉक्टर काही म्हणणार होते. लिडियाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पान डाव्या हातानं घेतलं. "रात्री भाकरीला लावून खाते," त्या म्हणाल्या. "जखमेवर नको." साळूबाईला हसू आलं. पदर तोंडाला लावून ती हसली.

पुढचा बाजार येईपर्यंत ताप उतरला, डाग खपली धरून सुकायला लागले. दबोरानं जाण्याआधी दोन पोलकी शिवून ठेवली होती, खांद्यावर उघडी, नाडी बांधायची, म्हणजे हात वर न नेता आईला एकटीला घालता यावीत. शिवताना ती आईशी फारसं बोलली नव्हती. पण नाडीला गाठ बसते की नाही हे तीनदा करून बघितलं होतं.

रविवारी उपासनेला लिडियाबाई पहिल्या बाकावर गेल्या नाहीत, मागच्या दाराशी बसल्या. पाळकसाहेबांनी पाहिलं आणि बोलावलं नाही. उन्हाळा तोंडावर आला होता. नवी नर्स मागवायची की नाही, याबद्दल डॉक्टर अजून काही म्हणाले नव्हते, आणि बाईंनीही विचारलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी साळूबाई रांगेत होती. तिची पाळी आली तसं तिनं नेहमीच्या हळू आवाजात सांगितलं, "हात हाय तसाच हाय."

"माझाही," लिडियाबाई म्हणाल्या. "चल."

ओसरीच्या टोकाला चुन्यानं पांढरी केलेली भिंत होती. दोघी तिच्यासमोर उभ्या राहिल्या, पाठीला रांग.

"बोटं ठेव. अशी. आता मुंगी चढते तशी चढव. दुखेल. दुखलं तरी थोडी पुढं ने."

"तुमी बी करताय?"

"मी दुसऱ्यांनाच सांगत होते इतकी वर्षं."

दोन हात भिंतीवरून निघाले. एक कामानं राठ झालेला, एक औषधांनी सुरकुतलेला. खांद्याच्या उंचीशी येऊन लिडियाबाईंचा हात अडला. कपाळावर घाम आला. साळूबाईचा हात वीतभर वर गेला होता. बाईंनी श्वास घेतला, बोटं आणखी एक बोटभर वर सरकवली, आणि तोंडातून "आई गं" निघालं.

तेवढ्यात डोक्यावरचा पदर घसरला. नाडीच्या फटीतून खांद्यावरचे तीन काळे डाग रांगेला दिसले. मागे कुजबूज झाली. साळूबाईनं भिंतीवरचा हात न काढता दुसऱ्या हातानं पदर उचलला आणि त्यांच्या खांद्यावर टाकू लागली.

"राहू दे," लिडियाबाई म्हणाल्या.

साळूबाईनं पदर तसाच खाली सोडला. बाईंची बोटं पुन्हा चालू लागली, चुना लागलेली, जिथं अडली होती त्याच्या थोडी वर.